उंबऱ्यानं फिरू नये

माझ्या धाकट्या दिरानं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, ते साल दोन हजार एकेचाळीस. लग्न माघात झालं. वरात लाँचमधून आली, कारण धरणावरची लाँच दीरच चालवतो आणि नवरदेव झाला तरी सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. मुंडावळ्या बांधूनच त्यानं पाणी ओलांडलं. त्या लग्नात माझी नात मयूरी सहाव्या महिन्यात होती आणि जिलेबीच्या वासानं तिला मळमळत होतं. पुढची गोष्ट वैशाखातली, तिचे दिवस भरत आले तेव्हाची.

आमचं गाव धरणाच्या पलीकडच्या काठाला. तालुक्याला जायचं तर लाँचनं पाऊण तास, नाहीतर घाटानं अर्धा दिवस. गावाच्या वर डोंगरात तासाभराच्या चढावर गवळी धनगरांची वरची वाडी. माझं माहेर तिथलंच. मी सुईण. दोनशेच्या वर बाळंतपणं या हातांनी केली. नंतर सगळ्या बाया उपकेंद्रात जायला लागल्या तेव्हा माझं काम संपलं. तरी सिस्टर घरोघर तपासायला निघाली की मला बरोबर घ्यायची. बाया माझ्यासमोर लाजत नाहीत म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. मी सत्तावन्नाव्या वर्षी वाचायला शिकले. मयूरी तेव्हा दुसरीत. ती पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायची आणि मी समोर बसून नाचणी निवडायची. पुस्तक एकच आणि ते तिच्याकडे तोंड करून. त्यामुळे मला दिसायची ती सगळी अक्षरं उलटी. मला वाटलं, अक्षरं अशीच असतात. मी ती तशीच शिकले. पुढे साक्षरतेच्या वर्गात बाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं तेव्हा मी ते फिरवून घेतलं. बाई हसल्या. मग सुलटीही शिकले. आता मला दोन्ही सारखीच. कागद कुठल्या बाजूनं धरलाय हे माझ्या ध्यानातच येत नाही.

आता यंत्राचं.

आमच्या सिस्टरचं नाव आफरीन मुल्ला. तिशीची, बुटकी, चढाला काटक. तिच्या फोनमध्ये ‘कूस’ नावाचं अ‍ॅप होतं. फोनच्या पाठीला तळहाताएवढी एक पातळ चकती चिकटवलेली. तिच्यात हजारो बारीक तोंडं आणि तितकेच कान, असं सिस्टरनं मला समजावलं होतं. ही तोंडं वटवाघळालाही ऐकू जाणार नाही इतक्या उंच आवाजात हाका घालतात. हाक पोटात शिरते, बाळाच्या हाडावर आपटून परत येते आणि किती वेळानं आली त्यावरून फोन बाळाचं चित्र काढतो. सोनोग्राफी जुनीच, पण पूर्वी पडद्यावर नुसती राख उडाल्यासारखी दिसायची. ‘कूस’मध्ये अख्खं बाळ दिसायचं. फोन पोटावर सपाट ठेवायचा आणि हळूहळू सरकवायचा. पडदा म्हणजे जणू पोटाला पाडलेली खिडकी. फोनचं कॅमेऱ्याचं टोक आईच्या डोक्याकडे, चार्जिंगचं टोक पायांकडे. खिडकीत बाळाचं डोकं ज्या बाजूला दिसेल त्याच बाजूला ते पोटात असायचं. त्या चित्रावरूनच खाली लिहूनही यायचं, ‘डोकं खाली’ किंवा ‘पायाळू’.

अ‍ॅपमध्ये असे दोन पडदे होते. एक ही खिडकी आणि दुसरा नोंदीचा तक्ता. तक्ता लांबच लांब, रक्तदाब, वजन, गोळ्या, तारखा. फोन उभा धरला की निम्मा तक्ता दिसायचाच नाही आणि आडवा केला तरी पडदा काही फिरायचा नाही. आफरीननं आणि तिच्यासारख्या शेकडो सिस्टरनी कंपनीला तक्रारी केल्या. चैत्रात नवी आवृत्ती आली. आता फोन फिरवला की पडदा फिरायचा. आफरीन इतकी खूश झाली की तिनं मला दाखवायला फोन चारी बाजूंनी फिरवला.

आणि एक गोष्ट मी केली होती. आमच्या उतारांवर एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाडाची फांदी. फोन धरायचा कशानं? जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची दोरी मी वळली, म्हशीचं दावं वळतात तशी, आणि फोन तिच्या गळ्यात अडकवून दिला. फोनच्या कव्हराला भोक होतं ते चार्जिंगच्या टोकाला. दोरी तिथेच ओवली. फोन छातीवर उलटा लोंबायचा, कॅमेरा खाली. कोणाला त्यात काही वाटलं नाही.

*

वैशाखातल्या त्या सकाळी सिस्टर आमच्या घरी आली. दारातच फोन हातात धरून मयूरीची नोंद भरली, फोन गळ्यात सोडला, हात धुतले. मयूरी घोंगडीवर आडवी झाली. सिस्टर कुशीला बसली आणि मी पायांशी. सुईणीची जागा तीच.

दोन दिवसांपूर्वीच मयूरीची कंबर चोळताना मी पोटावर सहज हात ठेवला होता. ओटीपोटात डोकं लागलं होतं. डोकं दोन बोटांत धरून हलवलं की एकटं हलतं. कुल्ला हलवला की सगळं बाळ हलतं. हे एकटं हललं होतं. मी कोणाला बोलले नव्हते.

सिस्टरनं जेल लावलं, गळ्यातून फोन काढून पोटावर ठेवला आणि सरकवला. मी वाकून नाव वाचलं, ‘मयूरी रोहिदास आखाडे’. बाळ दिसलं. गोल डोकं, वर, बरगड्यांच्या बाजूला. खाली तांबड्यात आलं, ‘पायाळू’.

“अगं बाई,” सिस्टर म्हणाली. “फिरलं की काय हे? मागच्या महिन्यात तर बरोबर होतं.”

“म्हणजे काय, सिस्टर?” मयूरी उठून बसायला लागली.

“झोप, झोप. काही नाही. बुधवारी तालुक्याला जायचं. ते पुन्हा बघतील, गरज लागली तर ऑपरेशन. आजकाल काही भीती नाही त्याची.”

“आज्जी, तू हात लावला होतास ना? तुला काय लागलं?”

मी म्हटलं, “माझ्या हाताचं काय घेऊन बसलीस. म्हातारा झाला तो.”

हे मी का म्हटलं, ते सांगायला हवं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी वरच्या वाडीत भागी कोकरेच्या पहिल्या वेळेला मी हात ठेवला आणि म्हटलं, डोकं खाली आहे, काही काळजी नाही. ते डोकं नव्हतं. कुल्ला होता. बाळ पायाकडून आलं आणि डोकं अडकलं. तालुक्याला न्यायला वेळ उरला नव्हता. तेव्हापासून भागीनं मला तिच्या उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. आणि तेव्हापासून हाताला काही लागलं की मी आधी दुसऱ्या कोणाकडे बघते. फोन आल्यावर तर मी मोकळीच झाले. फोन चुकत नाही असं वाटायचं. आणि तालुक्याला पुन्हा बघतीलच, मग मी कशाला तोंड उघडू?

सिस्टरनं चिठ्ठी लिहिली आणि शाळेच्या पडवीत लसी द्यायला निघून गेली.

*

मयूरी चिठ्ठी हातात धरून माझ्यासमोर बसली. रडत नव्हती, पण पुन्हा पुन्हा तीच वाचत होती.

मी नाचणी निवडता निवडता समोरून वाचलं, “‘प्रसूतीपूर्व तपासणीत बाळ पायाळू’. ‘प्रसूती’तला सू नीट काढला नाही सिस्टरनं.”

मयूरीला हसू आलं. “आज्जी, कागद उलटा आहे ना तुला!”

“मला सुलटाच की.”

“तुला कधी कळणारच नाही बघ. मीच शिकवलंय ना तुला असं!”

माझा हात सुपातच थांबला. सकाळी मी मयूरीचं नाव वाचलं होतं. वाकून वाचलं होतं, पण जरासंच. नेहमी नाव फोनच्या पलीकडच्या टोकाला असतं, आईच्या डोक्याकडे, आणि चष्मा नसला तर मला पार पुढे सरकावं लागतं. सकाळी चष्मा नव्हता. तरी मी बसल्या जागेवरून वाचलं. म्हणजे नाव माझ्या बाजूच्या टोकाला होतं. म्हणजे अक्षरं उलटी होती. दुसऱ्या कोणाला ते बघताक्षणी कळलं असतं. सिस्टर कुशीला बसलेली, तिला अक्षरं कशीही आडवीच. आणि समोर बसलेली मी, जिला उलटंसुलटं एकच.

अक्षरं उलटी असतील, तर त्याच पडद्यातलं बाळही उलटंच.

“मयूरे, चल,” मी म्हटलं.

“कुठं?”

“शाळेत. हळू चाल, पण चल.”

पडवीत सिस्टर एका बाळाला थेंब पाजत होती. मी ते संपेपर्यंत थांबले. मग म्हटलं, “पोरी, खिडकी उघड आणि फोन गळ्यात सोड.”

“आता? कशाला, आजी?”

“सोड तर. आता तो उचल आणि सकाळी ठेवलास तसा टेबलावर ठेव. कॅमेरा तिकडे.”

तिनं ठेवला. नाव आणि सगळी अक्षरं चार्जिंगच्या टोकाला आली होती, डोक्यावर उभी. सिस्टरनं मान वाकडी करून बघितलं.

“आता हातात सरळ उभा धर, तोंडासमोर. आणि मग ठेव.”

तिनं धरला. अक्षरं फिरून सरळ झाली. तसाच टेबलावर ठेवला. आता नाव कॅमेऱ्याच्या टोकाला.

“या अल्ला,” सिस्टर म्हणाली, अगदी हळू.

असं का झालं ते तिला माझ्याआधी कळलं. तिनंच नंतर मला समजावलं. फोनच्या आत केसाहून बारीक स्प्रिंगांवर एक वजन टांगलेलं असतं. ते ज्या बाजूला ओढलं जातं ती बाजू खाली, असं फोन धरून चालतो. फोन सपाट ठेवला की वजन सरळ पाठीवर दाबतं. कुठलंच टोक खाली राहत नाही. अशा वेळी फोनला काही कळत नाही आणि त्याला जे शेवटचं ठाऊक असतं तेच तो धरून ठेवतो. गळ्यात उलटा लोंबला असेल तर उलटं. मग तसाच तो पोटावर जातो आणि खिडकीतलं बाळ पायांवर उभं राहतं.

माझ्या दोरीनं.

मयूरी तिथेच दोन बाकांवर आडवी झाली. लसीला आलेल्या बाया पदर धरून आडोसा करून उभ्या राहिल्या. सिस्टरनं फोन आधी सरळ उभा धरला, अक्षरं बघितली आणि मग पोटावर ठेवला. डोकं खाली. हिरव्यात लिहून आलं, ‘डोकं खाली’.

मयूरीनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, “आज्जी, तुझ्या हाताला हेच लागलं होतं ना? खरं सांग.”

“हो.”

“मग बोलली का नाहीस गं?”

 बाया हसत होत्या, कोणी मयूरीला पाणी देत होतं. मला एकदम हलकं वाटलं, डोक्यावरची मोळी कोणी उतरवून घ्यावी तसं. पण सिस्टर हसत नव्हती. ती फोनवर भराभर बोट फिरवून नोंदी बघत होती.

“आजी, नवी आवृत्ती आल्यापासून बारा बाया तपासल्या. नऊ उपकेंद्रात. तिथं फोन स्टँडवर सरळ असतो, तिथून थेट पोटावर. तिघी घरी. मयूरी. ती आठवड्यापूर्वीची बाजेवाडीची, तिला मी पायाळू म्हणून तालुक्याला पाठवली, तिथं डॉक्टर म्हणाले, बाळ वाटेत फिरलं असेल, आणि ती सुखरूप सुटली. आणि...”

तिचं बोट एका नावावर टेकलं.

“आणि?”

“अंकिता कोकरे. तिला खिडकीनं डोकं खाली दाखवलं. मी सांगून आले, उपकेंद्रातच करू बाळंतपण, कळा आल्या की मला बोलवा. पायाळू सांगितलं की तालुक्याला पुन्हा बघतात, आजी. डोकं खाली सांगितलं की कोण बघतं?”

अंकिता म्हणजे भागीची धाकटी सून.

*

वरच्या वाडीत फोन लागत नव्हता. अंकिताचा नवरा डेअरीवर गेलेला. आम्ही दोघी चढाला लागलो. मयूरीला घरी पाठवलं. सिस्टरनं फोन गळ्यातून काढून पिशवीत टाकला. दोरी मी माझ्या कमरेला खोचली. एका वळणावर दम घ्यायला थांबले तेव्हा सिस्टर म्हणाली, “तुम्ही बसा इथं, आजी. मी जाते.”

“मी आले पाहिजे.”

“का पण? फोन तर माझ्याकडे आहे.”

“फोनवर आता तुझा विश्वास आहे का?”

तिनं मला हाताला धरून वर ओढलं.

भागीच्या घरासमोर म्हशी बांधलेल्या. भागी दारातच उभी. सदुसष्ट वर्षांची, वाळलेली, पण आवाज तोच.

“सिस्टर ये. बरी आलीस, पोरीला सकाळपासनं कळा येत्यात, थोरला पोरगा तुला बोलवायलाच उतरणार व्हता.” मग तिला मी दिसले. “ही कशाला आली?”

“भागे,” मी म्हटलं.

“भागेबिगे न्हाय. तुला सांगितलंय ना, माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाय. एक खाल्लंस ते पुरं झालं न्हाय का?”

सिस्टरनं तिला सांगायला सुरुवात केली, फोन, अक्षरं, दोरी. भागीच्या तोंडावरून दिसत होतं की तिला त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त एवढं कळलं की फोन चुकला असेल.

“मग पुन्हा बघ की फोननं! हिचं काय काम?”

मी उंबऱ्याच्या बाहेरच खाली बसले. म्हटलं, “भागे, त्या वेळी माझा हात चुकला. मी तुला आजपर्यंत तोंडानं सांगितलं नाही. बाळ अडलं, देवाची मर्जी, असंच म्हणत राहिले. देवाची मर्जी नव्हती. माझा हात चुकला. मला कुल्ला डोकं वाटला. त्यानंतर मी कुल्ल्याला डोकं म्हटलेलं नाही, एकदाही नाही. आज फोनही चुकला, आणि तोही माझ्याच दोरीनं. दोन डोळ्यांनी बघू या. एक फोनचा, एक माझा. दोन्ही एकच बोलले तर खरं.”

आतून अंकिताचं कण्हणं आलं. “आत्या, येऊ द्या त्यांना. लवकर या.”

भागी बाजूला झाली. ती मला ये म्हणाली नाही. नुसती बाजूला झाली.

अंकिता घोंगडीवर होती, घामानं भिजलेली. मी हात तेलानं चोळून गरम केले. सिस्टर पिशवीतून फोन काढायला लागली. मी म्हटलं, “थांब. आधी हात.”

वर, बरगड्यांच्या खाली, गोल आणि टणक. दोन बोटांत धरलं. हलवलं. एकटं हललं. खाली मऊ, रुंद; ते हलवलं की सगळंच हलत होतं. मी तीनदा बघितलं. पंचेचाळीस वर्षांत इतका सावकाश हात मी कधी फिरवला नव्हता.

“डोकं वर आहे,” मी म्हटलं.

मग सिस्टरनं फोन उभा धरला, अक्षरं तपासली, ठेवला. खिडकीत डोकं वर. ‘पायाळू’.

भागी दारातून बघत होती.  “पुन्हा?” एवढंच म्हणाली.

“पुन्हा नाही,” सिस्टर आतून तपासून म्हणाली. “अजून पाणी गेलेलं नाही. पिशवीचं तोंड दोनच बोटं उघडलंय. वेळ आहे. पण आत्ता निघायचं.”

वाडीवरून काठापर्यंत दुधाच्या कॅनसाठी डेअरीनं रुळावरची ट्रॉली बसवली आहे, बॅटरीवर चालते. माणसांनी बसायचं नाही, असं पाटीवर लिहिलंय. ती पाटी मी सुलटी वाचली आणि अंकिताला बसवलं. एका बाजूला सिस्टर, एका बाजूला मी, मागे कॅनला धरून भागी. सिस्टरनं उतरताना फोन लागताच तालुक्याला आणि दिराला कळवलं. ट्रॉली कुरकुरत निघाली. निम्म्या वाटेवर कळ आली तेव्हा अंकितानं ज्याचा हात सापडला तो दाबला. तो माझा होता. दुसऱ्या कळेला सापडला तो भागीचा.

काठाला दीर लाँच सुरू करून बसलेला. शेजारी त्याची नवी बायको छबूबाई, डोक्यावर पदर.

“वहिनी, माझं लग्न झालं तेव्हा पण इतकी घाई केली नव्हतीस तू,” दीर म्हणाला.

“तुझ्या लग्नाला कोण वाट बघत होतं? चल, सोड लाँच.”

“मी बघत होते की,” छबूबाई म्हणाली आणि अंकिताच्या पाठीशी उशी लावली. अंकिता कळेमध्येही हसली. भागीनंही हसून तोंड फिरवलं, पाण्याकडे.

दुपारी पावणेचार वाजता तालुक्याच्या रुग्णालयात ऑपरेशन झालं. मुलगी. दोन किलो आठशे. रडली ती बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आली.

*

संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यातून सिस्टरनं कंपनीला फोन लावला. पलीकडे सारंग नावाचा मुलगा होता. त्यानंच ती नवी आवृत्ती लिहिलेली. सिस्टर पाच मिनिटं बोलली.  

तो म्हणाला, “मॅडम, किती बाया?”

“माझ्याकडे तीन. बाकीच्यांचं तुम्ही बघा.”

“माझ्याकडे तपासणीच्या नोंदी आहेत. फोन कुठल्या दिशेला होता तेही साठवलेलं असतं. आजच काढतो सगळं.” मग म्हणाला, “तक्ता फिरायला हवा होता ना, म्हणून आम्ही सगळ्या अ‍ॅपलाच फिरायची मोकळीक दिली. एका ओळीत. प्रत्येक पडद्याला वेगळं सांगता येतं. खिडकीला वेगळं सांगायला हवं होतं.”

मी सिस्टरला म्हटलं, दे इकडे. फोन घेतला.

“बाळा, तुझ्या घराला दार आहे ना?”

“आहे, आजी.”

“दार फिरतं. उंबरा फिरतो का?”

“नाही.”

“दारानं फिरावं. उंबऱ्यानं फिरू नये. तक्ता तुझं दार, ती खिडकी तुझा उंबरा. एवढं लिही.”

“लिहितो,” तो म्हणाला. “आजी, त्या दोरीचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गळ्यात फोन लोंबणार हे मला सुचायला हवं होतं. मी फोन फक्त टेबलावर ठेवून बघितला. पोटावर नाही, उतारावर नाही.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. मी त्याला म्हटलं, “एकदा ये इकडे. चढून बघ.”

तो खरंच आला, पण ते आषाढात. आधी त्यानं काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक सिस्टरच्या फोनवर निरोप आला की नवी आवृत्ती येईपर्यंत खिडकी वापरू नये. तिसऱ्या दिवशी आवृत्ती आली. तक्ता आता कसाही फिरतो. खिडकी फिरत नाही, गळ्यात लोंबवा की उलटी धरा. त्यानं राज्यभरच्या नोंदी चाळल्या. एकशे चौदा बायांच्या वेळी फोन उलटा होता. त्यातल्या बहुतेक आधीच सुटलेल्या होत्या किंवा तालुक्याला नीट तपासल्या गेल्या होत्या. राहिलेल्या नऊजणींच्या घरी सिस्टर पोचल्या. त्यांच्यात चौघींची बाळं पायाळू निघाली. चौघीही वेळेवर हलवल्या. त्या सगळ्यांत एकही दगावलं नाही. आफरीन हे सांगायला आली तेव्हा अंगणातूनच ओरडत आली. मी चुलीपुढे होते. भाकरी करपली तरी मला ती उलटायचं सुचेना.

खिडकी उघडायच्या आधी अ‍ॅपमध्ये आता एक प्रश्न येतो, ‘हाताला काय लागलं?’ त्याचं उत्तर भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हात आणि फोन दोन वेगळं बोलले तर पडदा पिवळा होतो आणि दुसऱ्या कोणाला तरी बघावंच लागतं. पोटावर हात कसा ठेवायचा हे सिस्टरना शिकवायला मी आता महिन्यातून एकदा तालुक्याला जाते. तरण्या पोरींचे हात चटकन शिकतात. त्यांना मी आधी कुल्ला ओळखायला शिकवते, मग डोकं.

अंकिताला मुलगी झाली त्यानंतर आठव्या दिवशी मयूरी उपकेंद्रात सुटली. मुलगा, डोक्याकडून, तीन तासांत. बाळाला हातात घेतल्यावर ती म्हणाली, “आज्जी, याला मी वाचायला शिकवेन तेव्हा तू माझ्या शेजारी बसायचं. समोर नाही.” मी म्हटलं, शेजारी बसले तर नाचणी कोण निवडेल?

अंकिताच्या मुलीच्या बारशाला भागीचं बोलावणं आलं. मी चढून गेले. उंबऱ्यापाशी थांबले. भागी आतून म्हणाली, “आता काय पाय धुवायला पाणी देऊ? ये की.”

पाळणा हलला, गाणी झाली, बाया गेल्या. आम्ही दोघी पडवीत राहिलो. ती म्हणाली, “ठके, तू आता लिवतीस म्हणं.”

“लिहिते थोडं.”

“माझ्या पहिल्याचं कुठं लिवलंय का गं? जलमल्याचं, गेल्याचं?”

मी आठवून बघितलं. त्या वेळी मला अक्षर येत नव्हतं. ग्रामसेवक वाडीवर यायचा नाही. जे बाळ रडलंच नाही त्याची नोंद करायची कोणाला आठवण राहिली नाही. मी म्हटलं, “नाही, भागे. कुठंच नाही.”

“मी त्येला मनात बिरू म्हणत व्हते. तू लिव.”

म्हणून हे लिहिलं. बाकीचं कंपनीच्या आणि रुग्णालयाच्या नोंदीत सापडेल, हे एकच तिथे सापडणार नाही.

भागीबाई कोकरे हिचा पहिला मुलगा बिरू वरच्या वाडीत सन एकोणीसशे शहाण्णवच्या मार्गशीर्षात, सकाळी दिवस कासराभर वर आला असताना, जन्मतानाच मेला.